संहिता पागे आणि ओल्ड स्कूलचं भांडण

संहिता पागे इंदूरला तुकोगंजच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. वय चव्वेचाळीस, घर राजेंद्र नगरात. पेशंटने कितीही कटकट केली तरी तिचा आवाज चढत नाही. रॅपचा विषय निघाला की मात्र ती भांडते.

हे तिच्यात तिच्या थोरल्या भावाच्या, अभिरामदादाच्या कॅसेटींमुळे आलं. १९९३ साली तो इंजिनिअरिंगच्या होस्टेलातून अमेरिकन रॅपच्या नऊ कॅसेटी भरून घेऊन आला आणि महिन्याभरात त्यांना कंटाळला. तेरा वर्षांची संहिता मात्र टेप थांबवून, मागे नेऊन एकेक ओळ वहीत उतरवत बसायची. निम्मे शब्द चुकायचे. पण कोणतं गाणं कोणत्या सालातलं, आधी कोण आलं आणि मग कोण, हे तिने पाठ केलं. पुढे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिने स्वतः लिहिलेलं रॅप म्हटलं, तेव्हा पोरांनी हुल्लड करून तिला दुसऱ्या कडव्यातच खाली उतरवलं. त्यानंतर ती स्टेजवर गेली नाही.

गेल्या वर्षी तिची मुलगी तन्वी तिला एका कॅफेच्या गच्चीवर घेऊन गेली. तन्वी बी.कॉम.ला आहे. तिथे महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी शंतनू नावाचा तरुण रॅपची बैठक भरवायचा. तो मूळचा पुण्याचा, नोकरीसाठी इंदूरला आलेला. त्या दिवशी पोस्टरवर ‘ओल्ड स्कूल स्पेशल’ असं लिहिलं होतं. आईला आवडेल, एवढंच तन्वीच्या मनात होतं.

शंतनूने तीन गाणी वाजवली. तिन्ही हिंदी, तिन्ही फार तर दहा-बारा वर्षांपूर्वीची. चौथं लावायच्या आत संहिता उभी राहिली आणि आपल्या इंदुरी मराठीत म्हणाली,

“भिया, हे तर सगळं काल-परवाचं आहे. याला तुम्ही ओल्ड स्कूल कसं म्हणून राहिले?”

काही जण हसले. शंतनूने हसून सांगितलं, की आपल्याकडे रॅप सुरूच तेव्हा झालं, म्हणून आपलं ओल्ड स्कूल तेच. संहिताने ते उडवून लावलं. ओल्ड स्कूल म्हणजे न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतली रॅपची पहिली काही वर्षं. चौऱ्याऐंशीच्या आसपास नव्या दमाची पोरं आली आणि ते संपलं. जुनं झालं ते सगळं ओल्ड स्कूल नव्हे, असं तिने बजावलं. तो म्हणाला, हे गोऱ्यांच्या पुस्तकातलं झालं. ती म्हणाली, ते गोऱ्यांचं कधी नव्हतंच, काळ्या पोरांचं होतं, एवढंही माहीत नसेल तर माइक खाली ठेवा.

आता शंतनू हसत नव्हता. त्याने माइक तिच्यासमोर धरला आणि म्हणाला, “मग म्हणून दाखवा ना, काकू. आणि जमलं तर मराठीत. तुमचं ते हिंदी-मराठी मला अर्धंच कळतं.”

तन्वीने आईचा हात ओढला. संहिताने तो सोडवून घेतला आणि माइक घेतला. गॅदरिंगसाठी लिहिलेल्या ओळी तिला अजून येत होत्या.

“माझं नाव संहिता, मी राजेंद्र नगरची,
गप्पा नका हाणू भिया, मला खबर शहराची.”

अशा आठ ओळी तिने एका ठेक्यात म्हटल्या. कुणी हुल्लड केली नाही, टाळ्याही वाजल्या नाहीत. शंतनू म्हणाला, “हे तर बालवाडीतलं गाणं झालं.”

“तेच तर सांगून राहिली मी,” संहिता म्हणाली. “सुरुवात अशीच होती. साधी. तुम्हाला ती ऐकायचीच नाहीये.”

दोन दिवसांनी तिचा व्हिडिओ शंतनूच्या पेजवर आला. वर लिहिलं होतं, ‘ओल्ड आहे, स्कूल नाही’. लॅबमधल्या मुलींनी तो तिला दाखवला. तिने दुपारच्या सुट्टीत खाली भलीमोठी कमेंट लिहिली, सालांसकट. शंतनूने ती काढून टाकली. तिने परत लिहिली, तेव्हा त्याने तिला ब्लॉक केलं. मग ती तन्वीच्या फोनवरून लिहायला गेली आणि घरातही भांडण पेटलं. तन्वी म्हणाली, तिथे माझे दोस्त आहेत, तू माझी इज्जत घालवलीस. संहिता म्हणाली, तुझ्या आईवर सगळे हसत होते तेव्हा तू खाली बघत बसलीस. तिचा नवरा गजानन मधे पडला, तर दोघींनी त्यालाच गप्प बसवलं. आठ दिवस मायलेकी कामापुरतंच बोलल्या.

पुढच्या बैठकीच्या पोस्टरवर ‘ओल्ड स्कूल’ हे शब्द नव्हते. ‘२०१० ते २०१६’ एवढंच होतं. कॅफेच्या मालकाला कटकट नको होती, असं तन्वीकडून कळलं. संहिताने लॅबमध्ये मात्र सांगितलं, की मी त्याला बदलायला लावलं. शंतनूने व्हिडिओ काढला नाही, माफीही मागितली नाही. तिनेही त्या गच्चीवर पाऊल टाकलं नाही. तन्वी एकटीच जाते.

नंतर एका सकाळी पोहे खाता खाता तन्वीने विचारलं, “मग चौऱ्याऐंशीच्या पुढच्याला काय म्हणायचं?”

‘न्यू स्कूल’, असं संहिताने सांगितलं. तन्वीला ते पटलं नाही. तिने फोनवर शोधून ते सुरू झाल्याचं वेगळंच साल दाखवलं, संहिताने ते चूक ठरवलं, आणि पोहे थंड झाले तरी दोघी एकमेकींचं बोलणं तोडत राहिल्या.