मौलाली बावर्चीचं आम्लपित्त

अमीरबीनं रात्री भिजत घातलेल्या काळ्या मनुका वाटीत कुस्करल्या, बिया बोटानं बाजूला केल्या आणि वाटी नवऱ्यापुढं सरकवली. मौलाली भिंतीला टेकून बसला होता, एक हात छातीच्या मधोमध. गेली दोन वर्षं त्याची सकाळ अशीच उजाडायची. चुलीवर मुगाचं पातळ वरण रटरटत होतं. त्यात मिरची नाही, चिंच नाही. ज्याच्या तांबड्या रश्श्यासाठी गणपतराव सरकारांच्या वाड्यावर पाहुणे दोन-दोन दिवस मुक्काम वाढवायचे, त्याच्या घरात तिखटाच्या बरणीवर धूळ बसली होती.

"निम्म्याच खाल्ल्या की," अमीरबी म्हणाली. "राहिलेल्या कुणाला? मांजराला?"

"मांजराला पित्त हाय व्हय?"

"असतं तर त्यानं तरी माझं ऐकलं असतं."

तेवढ्यात कडी वाजली. दारात वाड्यावरचा शिपाई कृष्णात. एरवी हा गडी "चाचा, आज काय शिजतंय?" असं गल्लीच्या तोंडापासून ओरडत यायचा. आज मान खाली.

"सरकारनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता. काल तुमच्या बसायच्या जागंवर पुडी घावली. भुरकट पूड हाय. कशाची, त्ये तिथंच सांगा."

अमीरबीच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली. पुडी तिनं बांधली होती.

ही गोष्ट शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली, खासबागेचं मैदान बांधायला काढलं होतं त्या सुमाराची. गणपतराव सरकारांच्या वाड्यावर एक जुनी रीत होती. पंगत बसण्याआधी बावर्चीनं सरकारांसमोर उभं राहून प्रत्येक भांड्यातलं खायचं, मग सगळ्यांनी थोडा वेळ त्याच्याकडं बघत बसायचं. सरकारांच्या आज्याला कुणी खिरीतून काही घातलं होतं म्हणे, तेव्हापासूनची. या रितीला आणखी एक शेपूट होतं. मुदपाकखान्याची पायरी चढल्यापासून तो घास खाईपर्यंत बावर्चीच्या तोंडात पाण्याशिवाय काही जाता कामा नये. आधीच उतारा खाऊन उभा राहिला तर?

सरकार जेवायला बसायचे दुपारी तीनला. म्हणजे सकाळी सातपासून धगीपुढं बसलेल्या माणसाच्या पोटात, आठ तासांनी, पहिल्यांदा काय जायचं? तांबडा रस्सा. वर तर्री. असं बावीस वर्षं.

आधी नुसते करपट ढेकर यायचे. मग जळजळ घशापर्यंत चढू लागली, आडवं झालं की तोंडात आंबट पाणी येऊ लागलं. शुक्रवार पेठेतल्या वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "मिरची वाईटच. पण तुझ्या रोगाचं मूळ उपाशी पोटावरची मिरची आहे." आंबवलेलं, शिळं, वांगं, चिंच बंद. जुन्या तांदळाचा भात, तूप, मूग, कोहळा, साळीच्या लाह्या चालतील. धने-जिरे रात्री भिजवून सकाळी ते पाणी गाळून प्यायचं. जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही. आणि दर तीन तासांनी पोटाला काहीतरी मऊ द्यायचं.

"तीन तासांत माझा एक हंडा उतरत न्हाय, वैद्यबुवा," मौलाली हसला होता. हसताना त्याला ठसका लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

अमीरबीनं घरातलं सगळं पाळलं. पण घरातलं म्हणजे किती? सकाळची वाटी आणि रात्रीचा भात. मधला अख्खा दिवस वाड्याचा होता. काम सोडावं तर राहतं घर वाड्याचं. शिवाय चाखायला कचरलेल्या बावर्चीला कोल्हापुरात दुसरं कोण चुलीपाशी बसवून घेणार? लोक विचारणारच, का कचरला?

मग तिनं वैद्यबुवांना विचारून तोड काढली. ज्येष्ठमध, आवळकाठी, धने, खडीसाखर एकत्र कुटून वस्त्रगाळ केली, कागदात बांधली आणि त्याच्या कमरेला खोचली. "दुपारी चिमूटभर पाण्याबरोबर घ्यायची. औषध हाय, खाणं न्हाय." तिनं सगळ्याचा विचार केला होता. चाखणाऱ्याच्या कमरेची पुडी दुसऱ्याला कशी दिसेल, एवढाच राहिला.

वाड्यावर गणपतराव बैठकीवर बसले होते, पुडी समोर उघडी. अमीरबी नवऱ्याच्या मागोमाग आली आणि चौकातच थांबली.

"काय हाय ह्ये?"

"पित्ताचं औषध, सरकार."

"मी बांधून दिलीया," अमीरबी चौकातून म्हणाली. "त्यांचा दोष न्हाय."

"तुला कुणी विचारलं?" गणपतराव म्हणाले. मग मौलालीकडं वळून, "खा. सगळी."

मौलालीनं पुडी तोंडात रिकामी केली. कोरडी पूड टाळूला चिकटली, मिशीवर सांडली. पाणी कुणी दिलं नाही, त्यानं मागितलं नाही. नेहमीसारखे सगळे त्याच्याकडं बघत बसले. घटकाभरानं बोलावणं धाडलेले वैद्यबुवा आले, कागदाचा वास घेतला आणि म्हणाले, "हे मीच सांगितलेलं औषध आहे. पोटभर खाल्लंत तरी काही होणार नाही."

चौकात कुणीतरी हसलं. पण गणपतराव हसले नाहीत.

"विष न्हवतं, मान्य. पण रीत मोडलीस. आता सगळ्या पेठेला कळलं की माझ्या बावर्चीला माझाच रस्सा सोसत न्हाय." त्यांनी कागद चुरगाळला. "आज शिकारीचे पाहुणे हायेत. मी दुसरा माणूस बघायचा तर तसं सांग, आठ दिसांत घर मोकळं कर. ऱ्हायचं तर पुडी परत दिसता कामा नये, आणि चाखायचं तूच. बोल."

मौलालीनं अमीरबीकडं पाहिलं. ती खाली बघत होती. वैद्यबुवा खांद्यावरचं उपरणं उगाच सारखं करत होते. मागं मुदपाकखान्यात मसाला भाजायला घेतला होता, त्याचा खकाणा चौकापर्यंत आला आणि मौलालीच्या घशाशी आंबट पाणी चढलं. त्यानं ते गिळलं.

"ऱ्हातो, सरकार. चाखतो बी मीच. एक मागणं हाय. चाखायच्या आधी तुमच्याच हंड्यातला, तुमच्या डोळ्यांम्होरं, चार घास तूपभात खाऊ द्या."