काकूंचा होकार

खरखरकाकांना हे नाव चिकटलं ते धंद्यामुळे. सभागृहांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. कुठे जराशी खरखर ऐकू आली की हा माणूस भरल्या ताटावरून उठणार. घरात मात्र आवाज एकट्या काकूंचा. काका पूर्व म्हणाले की काकू पश्चिम! अख्खा मजला कान देऊन ऐकायचा आणि चवीने एकमेकांना सांगायचा.

मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. अंथरुणाला खिळल्या, बोलणं बंद. डॉक्टर म्हणाले, त्यांना आता काही समजत नाही. काकांनी ते कानाआड केलं आणि काकूंच्या उजव्या बोटाखाली प्रकाश टिपणारा सेन्सर बसवला. बोट केसभर उचललं तरी उजेड आत शिरणार, ॲम्प्लिफायर तो हजारपट करणार, घंटी वाजणार. घंटी म्हणजे हो.

काका पलंगावर बसायचे, प्रश्न विचारायचे आणि उत्तरासाठी काकूंचं मनगट धरायचे. "खिडकी उघडू?" ट्रिंग! "माझ्यावरचा राग गेला का?" ट्रिंग! दोन महिने स्वारी नव्या नवरदेवासारखी मिरवत होती. शेजारीण जिन्यात चिमटा काढायची, "मजा आहे बुवा तुमची! काकू अगदी गरीब गाय झाल्या."

रविवारी लेक आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही दारात थांबा. आज मी विचारते." पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून तिने विचारलं, "आई, मी आलेय, कळलं का?"

घंटी गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच.

"सर्किट बिघडलंय," काका घाईने म्हणाले. "तासाभरात सापडेल. तू चहा टाक."

त्यांनी वीजपुरवठा तपासला, आयसी बदलला, सोल्डरचे टाके नव्याने दिले. शेवटी सेन्सरवर काळी पट्टी चिकटवली. आता उजेड शून्य. घंटी वाजताच कामा नये. पलंगावर बसून त्यांनी सवयीने काकूंचं मनगट धरलं.

ट्रिंग!

हात काढला, बंद. हात नेला, ट्रिंग!

उघड्या तारेजवळ माणसाचा हात गेला की ॲम्प्लिफायर बरळतो, हे त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं होतं.

लेक कप घेऊन दारातच थबकली. "बाबा, राहू दे ना. असंच राहू दे."

"खरखर ठेवून मी काम देत नाही."

हाताची खरखर आत शिरू नये म्हणून त्यांनी सर्किट पत्र्याच्या डब्यात बंद केलं, अर्थिंगची तार जोडली, पट्टी काढली. काकूंचं बोट स्वतः केसभर उचललं. ट्रिंग! स्वच्छ, खणखणीत. मग बोट सोडून मनगट धरलं.

"अगं, ऐकतेस का?"

चहावर साय धरली.

"दोन महिने मीच विचारत होतो आणि मीच हो म्हणत होतो," काका काकूंना म्हणाले. "आणि मला अक्कल येऊ नये? तू असतीस तर एवढ्या सगळ्याला हो म्हणाली असतीस का गं?"

आणि सवयीने घंटीकडे बघत राहिले.