आकाशकंदील उतरवायचा राहिला

संशय आमच्या घरात पिढीजात आहे. बाबा दुधाची पिशवी फोडण्याआधी तारीख वाचतात, फोडल्यावर वास घेतात आणि तरी पहिला चहा आईला देऊन बघतात.

त्यांची बदली झाली म्हणून आम्ही नागपूरहून रायपूरला आलो, तेव्हा मी अकरावीत होते. बाबा रोज बसने नवा रायपूरच्या ऑफिसात जायचे आणि मी अशा वर्गात, जिथे सगळ्यांच्या जोड्या नर्सरीपासून जमलेल्या होत्या. डबा एकटीच खायचे.

त्या दिवाळीत आईनं नागपूरहून आणलेला पांढऱ्या कागदाचा, चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील गॅलरीत लावला. तुळशीच्या लग्नानंतर तो उतरवायचा, पण स्टूल डुगडुगतं म्हणून बाबांनी टाळलं आणि डिसेंबर उजाडला. इथे डिसेंबरात ज्या घरावर पांढरी चांदणी, ते घर ख्रिस्ती समजतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! एका संध्याकाळी दार वाजलं. बाहेर गिटार घेतलेला एक भैया, मागे माझ्या वयाची पोरं. आई "कौन?" म्हणेपर्यंत त्यांनी नाताळचं गाणं सुरूही केलं होतं.

आई गोंधळली, पण दारी आलेल्याला तसंच पाठवणं तिला जमत नाही. तिनं सगळ्यांना चिवडा दिला. निघताना त्यांच्यातली कॉलेजात जाणारी दीदी मला म्हणाली, "शनिवार को हमारे यूथ ग्रुप में आओगी ना?" रायपुरात आल्यापासून मला कुणी कुठे ये म्हटलं नव्हतं. तू कोण, हे तिनं विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

चर्चमागच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या असत. गाणी झाली की प्रत्येकानं आपली एक काळजी सांगायची आणि शेजारच्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यासाठी प्रार्थना करायची, अशी तिथली रीत. एकाचे वडील पिऊन यायचे. एकीला आपल्या सावळ्या रंगाचं रडू यायचं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मेरी कोई सहेली नहीं है." दीदीचा हात माझ्या खांद्यावर आला. घरी जाताना मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"काय शिकवून राहिले ते तुले?" बाबांनी विचारलं.

"कुछ नहीं. गाते हैं."

"फुकटात काहून गाऊन राहिले?"

मी हसले, पण किडा डोक्यात शिरलाच. मी त्यांना खरंच आवडते, की येणाऱ्या प्रत्येकाशी हे असंच गोड वागतात? पारखायला एका शनिवारी मुद्दाम गेले नाही. दीदीचा फोन आला. इतका आनंद झाला, आणि फोन ठेवल्याबरोबर वाटलं, न आलेल्यांना फोन करायचं काम तिला नेमूनच दिलेलं असणार.

मग संक्रांत आली. आईनं तिळगुळाचे लाडू डबाभर दिले. भैयानं एक तोंडापाशी नेला आणि थबकला. "प्रसाद है क्या?"

"हाँ. हमारे यहाँ पहले भगवान के सामने रखते हैं."

"तुम्हारे यहाँ? फिर वो स्टार?"

"वो तो दिवाली का था."

कुणी रागावलं नाही. दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं ते खात नाहीत; भैयानं लाडू डब्यात परत ठेवला. दीदीनं आपला रुमालात गुंडाळला, घर जाकर खाऊँगी म्हणाली. तिनं तो खाल्ला की नाही, हे मला आजही जाणून घ्यायचं आहे.

पुढच्या शनिवारी सगळ्यांना एकाएकी फक्त परीक्षेचीच काळजी लागली. पिणाऱ्या वडिलांच्या मुलाला गणित जड जात होतं, रडणारीला केमिस्ट्री. चहा देताना भैयानं हळूच विचारलं, "घर में कोई पूछता है क्या, यहाँ क्या-क्या होता है?" कुठे प्रार्थना चालू असताना धर्मांतराच्या संशयावरून लोक घुसल्याच्या बातम्या मीही वाचत होते. त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीत मी खबरी ठरले, याचा मला इतका राग आला की चहा तसाच ठेवून उठले. पुन्हा गेले नाही. या वेळी दीदीचा फोन आला नाही. मी मात्र मोबाइल उशाशी घेऊन झोपत होते.

पुढच्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर बाबा कंदील उतरवायला स्टूल घेऊन आले.

"रहने दो ना," मी म्हटलं.

"काहून?"

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "राहू द्या. स्टूल डुगडुगते."

डिसेंबरात गिटार ऐकू आली. प्रत्येक चांदणीखाली थांबत ती आमच्या घराखाली आली आणि बंद पडली. मी पडद्याआड उभी होते. खाली बराच वेळ कुजबुज चालली. आता जातील पुढे, असं वाटत असतानाच जिन्यावर पावलं वाजली.

आईनं दार उघडलं. चिवडा तिनं सकाळीच करून ठेवला होता. भैया खालीच थांबला होता, रस्त्यावर नजर ठेवून. गिटार दुसऱ्याच कुणाच्या हातात होती. दीदी मला पाहून हसली. खरं हसली, असं वाटलं. मग आईकडे वळून अदबीनं म्हणाली, "आंटी, एक गाना गा लें? आपको कोई दिक्कत तो नहीं?"

आई म्हणाली, गा ना. ते गायले, छान गायले. मागच्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं.