रेडिओचा दुकानातला मुक्काम

माझ्या धाकट्या भावाला सगळे रेडिओ म्हणतात. तो केस कापतो. आमच्या वडिलांचंच दुकान आहे, दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, बाहेर काचेचं दार. वडील गेल्यापासून एक खुर्ची रिकामीच असते. तिच्यावर पेपर वाचत बसणारे असतात, ज्यांना केस कापायचेच नसतात.

रेडिओ हे नाव त्याला का पडलं ते त्याच्या खुर्चीत एकदा बसलं की कळतं. त्याची कात्री तोंडाबरोबर चालते. बोलणं थांबलं की कात्री थांबते, मग तो कंगवा हवेत धरून आठवतो, "काय सांगत होतो मी?" आमचे वडील म्हणायचे, "याला मुका केला तर हा उपाशी मरेल." हात मात्र वडिलांपेक्षा चांगला. मान खाली करायला सांगताना तो दोन बोटं कपाळावर अशी टेकवतो, की रडकी पोरंसुद्धा गप्प बसतात.

त्याची बायको अगदी उलटी. दिवसभरात मोजकं बोलते, पण जे बोलते ते लागतं. ती वाचनालयात कामाला आहे. तिला लहानपणापासून दमा. उशाशी पंप, पर्समध्ये पंप, आणि रेडिओच्या शर्टाच्या खिशात एक तिसरा पंप, कंगव्याच्या शेजारी. त्यांची मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. मी समोरच्याच इमारतीत राहते. माझ्या खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं आणि वाकून पाहिलं तर दुकानाचा कोपराही दिसतो. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं भावजयीने सांगितलं.

साथ आली आणि सगळं बंद झालं तेव्हा पहिले काही दिवस रेडिओ खुशीत होता. घरात लोळायचा, बायकोला बातम्या वाचून दाखवायचा. तिने लवकरच हात जोडले. "अहो, वाचनालय बंद आहे म्हणून मी घरी आलेय. इथे तरी शांतता पाळा."

मग गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. लोकांचे केस वाढले होते. पोस्टमनला तर रोज बाहेर पडावं लागे, टपाल काही बंद नव्हतं. तो म्हणाला, "रेडिओ, लोक मला बघून दार लावून घेतात. रोगाला घाबरून की माझ्या अवताराला, काही समजत नाही." ठरलं असं, की पोस्टमनच्या बायकोने कात्री धरायची आणि रेडिओने व्हिडिओ कॉलवरून सांगायचं.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे भाजी ठेवायला गेले होते, दाराबाहेरूनच सगळं ऐकलं. मागची बाजू छान झाली. मग कल्ले आले. रेडिओ म्हणाला, "वहिनी, उजवा कल्ला लांब आहे, थोडा वर घ्या." तिने घेतला. "अहो उजवा!" तिने आणखी वर घेतला. "वहिनी, ऐकताय ना? उजवा, उजवा!" असं करत करत पोस्टमनचा उजवा कल्ला पार कानाच्या वर गेला आणि डावा होता तिथेच राहिला.

पोस्टमनची बायको भडकली. "भाऊजी, उजवा हात कोणता ते मला शाळेत शिकवलंय!"

चूक रेडिओचीच होती. त्याचा सगळा जन्म माणसाच्या मागे उभं राहून आरशात बघण्यात गेला. आरशात डावा कान डावीकडेच दिसतो. फोनवर माणूस समोर बसलेला, त्याचा डावा कान उजवीकडे. रेडिओच्या डोक्यात ते शिरेचना. ज्याने कधी आरशात बघून काम केलं नाही त्याच्याकडून ही चूक झालीच नसती. भावजय मागून म्हणाली, "पोस्टमन भाऊजींना म्हणावं, मास्कची दोरी तिथूनच जाते. कुणाला दिसणार नाही."

पुढे रेडिओने डावं-उजवं म्हणणंच सोडलं. "खिडकीकडचा कान", "दाराकडचा कान" असं सांगू लागला. अशी बरीच डोकी त्याने फोनवरून उरकली. पण एक दिवस पोस्टमनच्या बायकोचा फोन आला, की आता तुम्ही नाही सांगितलंत तरी चालेल, मला जमायला लागलंय. त्या दुपारी रेडिओला मी खिडकीतून पाहिलं, तो रिकाम्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी हलवत बसला होता.

काही महिन्यांनी सलूनं उघडायला परवानगी मिळाली. आता पेच असा, की केस कापायचे म्हणजे परक्या माणसाच्या तोंडाशी तोंड. दिवसभर तसं करायचं आणि संध्याकाळी दम्याच्या बायकोजवळ येऊन बसायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हिला हा आजार झाला तर निभावणं कठीण. आणि दुकान उघडलं नाही तर दोघांनी खायचं काय? वाचनालय तर बंदच होतं.

रेडिओने गादी गुंडाळली. "मी दुकानात राहतो."

"कुठे झोपणार?"

"वडिलांच्या खुर्चीमागे जागा आहे."

"आणि आंघोळ?"

"मागच्या मोरीत. अगं, लोक परदेशात राहतात वर्षानुवर्षं. मी कोपऱ्यावर राहतोय."

भावजय म्हणाली, "परदेशातले लोक निदान काही पाठवतात तरी." पण तिने उशी स्वतः आणून दिली. मी देवापुढे बसले. मी देवाला अटी घालत नाही, काही कबूल करत नाही, फक्त मागते. त्या दिवशीपासून एकच मागितलं, हिचा श्वास तेवढा पुरव.

दुकानाचं रूपच पालटलं. दाढी बंद, कारण मास्क काढता येत नाही. एका वेळी एकच गिऱ्हाईक. प्रत्येक डोक्यानंतर खुर्ची पुसायची, कात्री उकळत्या पाण्यातून काढायची. आणि भिंतीवर पाटी, "कृपया बोलू नये." ती पाटी रेडिओने स्वतः लावली, बायकोसाठी. बोलताना तोंडातून काय काय उडतं ते त्याने फोनवर पाहिलं होतं. तो मुकाट्याने केस कापू लागला. पहिल्या आठवड्यात हात अडखळायचा. म्हातारे घड्याळजी वडिलांच्या काळापासूनचे गिऱ्हाईक. ते आरशात बघून म्हणाले, "रेडिओचे सेल संपले का रे?" रेडिओने बोटाने पाटी दाखवली. घड्याळजी म्हणाले, "मग मी कशाला आलो? केस तर माझी सूनही कापते."

रोज दुपारी भावजय डबा घेऊन जायची. दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून मागे सरकायची. तो बाहेर येऊन उचलायचा, आदल्या दिवशीचा धुतलेला डबा ठेवायचा, आत जाऊन दार लावायचा. मग काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो. दिवसभराचं साठलेलं सगळं तेव्हा बाहेर पडायचं. तो काचेतून हातवारे करून ओरडून सांगायचा, ती मान हलवायची. मी एकदा विचारलं, "काचेतून ऐकू येतं तुला?" ती म्हणाली, "नाही ताई. म्हणून तर थांबते."

एवढं सांभाळूनही ती आजारी पडली.

तिचा मला फोन आला. "ताई, अंगात ताप आहे, वासही येत नाहीये. आज डबा तुम्ही द्याल? यांना काही सांगू नका."

"अगं, सांगू नको काय! त्याला कळणार नाही का?"

"कळलं तर ते धावत येतील. मग त्यांनाही होईल. एवढे महिने फुकट जातील."

मी डबा केला आणि दुकानात गेले. स्टुलावर ठेवून मागे सरकले. रेडिओने काचेतून माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. डबा माझ्या घरचा होता. मी तोंड उघडायच्या आत त्याने खुर्चीतल्या माणसाच्या गळ्याचं कापड काढलं, त्याला अर्ध्या कापलेल्या डोक्याने बाहेर काढलं आणि कुलूप लावलं. तो माणूस रस्त्यात उभा राहून म्हणत होता, "अहो, निदान पुढचं तरी!"

हॉस्पिटलांत जागा नव्हती. डॉक्टर फोनवर सांगत होते तसं रेडिओ करत होता. पालथं झोपवायचं, पाठीवर वाटी केलेल्या हाताने थोपटायचं, बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा कळवायचा. तो आकडा नव्वदच्या खाली गेला की त्याच्या चेहऱ्याचा रंग जायचा, मला खिडकीतूनही दिसायचं. मी जेवण दाराशी ठेवत होते आणि उरलेला वेळ देवाशी भांडत होते. ते आता मागणं राहिलं नव्हतं, भांडणच होतं. ऑक्सिजनचा एक सिलिंडर पोस्टमनने कुठून तरी मिळवून दिला. दोन माणसांनी तो जिना चढवला, त्यातला एक पोस्टमन.

ती वाचली. अशक्त झाली, चार पावलं चालली की बसावं लागे, पण वाचली. रेडिओलाही झालं, त्याला नुसतीच दोन दिवस कणकण. मला वाटलं, चला, सुटलो. पण ती जरा हिंडू-फिरू लागली तसं त्याने पुन्हा गादी गुंडाळली.

मी म्हटलं, "आता कशाला रे?"

तो जिन्यातच थांबला. "ताई, ती घराबाहेर कुठे जात होती? फक्त माझ्या दुकानापर्यंत. कुणाच्या हातचं काही घेत होती? फक्त माझा डबा. मीच दिलं तिला."

मी खूप समजावलं. कुठून आलं ते कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याने डबाही बंद केला. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव घ्यायचा आणि कोरडाच खायचा. काचेपाशी येणंही सोडलं. भावजय गेली तर आतूनच हात हलवायचा, "जा, जा." लस निघाली, आम्ही तिघांनीही घेतली, तरी त्याचा मुक्काम हलेना. भावजय बोलून दाखवत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, "आजारात जवळ होते. बरी झाले तर लांब गेले. मी काय समजायचं?"

त्याच सुमारास तिचे केस गळायला लागले. या आजारानंतर अनेकांचं तसं झालं, डॉक्टर म्हणाले पुन्हा येतील. पण तिचे केस कमरेपर्यंत होते. फणी फिरवली की मूठभर हातात यायचे. उशीवर, मोरीत, पोळपाटावर, सगळीकडे केस. केसांवरून कधी न बोलणारी ती एकदा माझ्यासमोर रडली.

सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी ती सकाळीच गेली आणि काचेवर किल्लीने टकटक केली. रेडिओ आतून हात हलवू लागला. ती तिथेच उभी राहिली. चार पावलांत दमणारी बाई किती वेळ उभी राहील? शेवटी त्याला दार उघडावं लागलं.

ती आत गेली आणि सरळ खुर्चीत बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती.

"कापा."

"अगं, मी बायकांचे केस कापत नाही. बाहेर लिहिलंय, फक्त पुरुषांसाठी."

"जाताना वाचते. कापा."

"मला जमणार नाही."

"फोनवरून पोस्टमनच्या बायकोला जमतं, तुम्हाला मी समोर असून जमत नाही?"

त्याने कापड घातलं. हात धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदा धुवायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "डबा मी कसा धुवायचे ठाऊक आहे? तुम्ही धुतलेला पुन्हा साबणाने, मग गरम पाण्याने, मग उन्हात. तुमच्या धुण्यावर मी लग्न झाल्यापासून कधी विश्वास ठेवलेला नाही. डब्यातून काही आलेलं नाही."

तो नळापासून परत खुर्चीमागे आला.

"आणि आलंच असेल, तर तुमच्याकडून आलं. दुसऱ्या कुणाकडून येण्यापेक्षा बरं. पण आता मला त्याची शिक्षा नको. आजारी होते तेव्हा मला पाठीवर हात कळत होता. आता काही कळत नाही."

रेडिओने तिच्या कपाळावर दोन बोटं टेकवली आणि मान खाली केली. मग कात्री चालू झाली. भावजय म्हणते, तो एकेक बट इतकी हळू कापत होता की संध्याकाळ होते की काय असं तिला वाटलं. पण कापले छान. मानेपर्यंत, सारखे. कापता कापता तो रडला आणि ती आरशात बघत नव्हती, असं ती सांगते. मला वाटतं बघत होती.

मी खिडकीत उभी होते तेव्हा दोघं येताना दिसली. ती पुढे, आखूड केसांत, दर थोड्या अंतरावर थांबत. तो मागे, डोक्यावर गादी, काखेत उशी, ती थांबली की तोही थांबत. समोरून पोस्टमन सायकलवरून आला. ओरडला, "काय रेडिओ, दुकान खाली केलंस काय?"

उत्तर भावजयीने दिलं. "दुकान आहे तिथेच आहे. मी माझं सामान घरी नेतेय."

मी खिडकीतून आत आले आणि देवापुढे दिवा लावला. सकाळी एकदा लावला होता, तरी पुन्हा लावला.