टेबलावर राहिलेली पुस्तकं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या एका वाचनालयात मी देवघेव सांभाळायचो. घरी नेलेली पुस्तकं मोजणं सोपं होतं, कार्डं मोजली की झालं. संदर्भ कक्षातले कोश मात्र बाहेर जात नसत. तिथली रीत अशी, की संध्याकाळी टेबलांवर जेवढी पुस्तकं पडलेली असतील तेवढी वाचली गेली असं धरायचं, नोंद करायची आणि मग ती कपाटात लावायची. त्या वर्षी आकडे कमी आले तर कक्ष रिकामा करून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला द्यायचा, असं समितीनं ठरवलं होतं. ‘वाचलेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत’ अशी पाटी लावायला कार्यवाहांनी मला बजावलं. पाटी मी रंगवून घेतली. पण पसारा मला बघवत नसे, त्यामुळे ती ड्रॉवरमध्येच राहिली.

सटाण्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका रोज दुपारी पंचवटीतून चालत यायच्या. माहेरचे अहिराणी शब्द जुन्या कोशांशी ताडून वहीत उतरवायच्या. उठताना प्रत्येक खंड जागच्या जागी.

"बाई, सगळे तुमच्यासारखे असते तर!" मी म्हणायचो. त्या खूश व्हायच्या.

टेबलावर दिसेल तेच लिहायचं, मनचं काही घालायचं नाही, हा माझा खाक्या. त्याचा मला तोराही होता. कोश उघडणाऱ्या बाई एकट्याच होत्या. कोशांच्या रकान्यात वर्षभर शून्य पडलं. एप्रिलमध्ये कक्ष गेला आणि कोश गठ्ठे बांधून माळ्यावर चढवले.

दुसऱ्या दिवशी बाई दारात थबकल्या. मी त्यांना वार्षिक तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"अहो, पण मी रोज येत होते की."

"तुम्ही पुस्तकं परत लावायचात, बाई. टेबलावरचीच मोजतात."

"मग सांगायचंत ना. ठेवली असती तशीच."

मला लाज वाटली. पाटीबद्दल सांगायचं धाडस झालं नाही. वही ‘प’पर्यंत आली होती, एवढंच त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

बाहेर वर्तमानपत्रांच्या टेबलावर कुणीतरी एक मासिक उघडं टाकून गेलं होतं. सवयीनं त्यांनी ते मिटलं, मांडणीकडे दोन पावलं गेल्या. मग माझ्याकडे बघून मागे फिरल्या आणि ते होतं तसं टेबलावर उघडं ठेवलं.