कमी पडलेली माती

काल आमच्या कुडवा गावातल्या घरामागे नवीन खोलीसाठी माती तपासायला इंजिनिअरने खड्डा खणवला. ओल्या काळ्या मातीचा वास स्वयंपाकघरात आला आणि मला बाबांचा जुना राग आला.

मी दहावीत असताना याच बाजूला त्यांनीही खोलीसाठी खड्डा खणला होता. उकरलेली माती परत भरायची; उरली तर जमीन पक्की, कमी पडली तर कच्ची. माती वीतभर कमी पडली. बाबांनी बांधावरून दोन घमेली माती आणून ओतली आणि पायाने दाबली.

"पाहा, पुरली!"

"कोणाले फसवून राहिले जी?" आईने कपाळावर हात मारला. "इथं पाण्याची बोडी बुजवली हाये. भिंत फाटन!"

"फाटन तवा पाहू. लता लेकराले घेऊन येऊन राहिली. ते काय ओसरीत निजन?"

लता माझी थोरली बहीण. ती सासर कायमचं सोडून येत होती.

दुसऱ्याच पावसाळ्यात खोलीची भिंत फाटली. दर उन्हाळ्यात आई आणि मी चरफडत ती लिंपायचो. बाबांचा हट्ट आठवला की अजूनही डोकं तापतं. पण त्या खोलीत ताई अकरा वर्षं राहिली, आणि किती दिवस राहणार, असं तिला घरात कुणीही कधी विचारलं नाही.