आमदारांना झोप लागली

नगरपालिकेत जीपच्या ड्रायव्हरला सगळे पाळणा म्हणत. त्याच्या गाडीत बसलं की माणसाला डुलकी लागायचीच, म्हणून. जीप पालिकेसारखीच म्हातारी, स्प्रिंगचे पाटे कुरकुरणारे; पण हा गडी चाक असं काही काढायचा की खड्ड्याला पत्ता लागू नये. मुख्याधिकारी त्याच्या गाडीत बसून चहा प्यायचे आणि शर्टावर थेंब पडत नसे. आपल्या हातात जादू आहे हे तो स्वतःही मान्य करायचा, कुणी आग्रह न करता. घरी ताईला सगळं रंगवून सांगायचा. ताई म्हणायची, "हो रे बाबा, तू म्हणजे तूच," आणि त्याच्या ताटात आणखी वाढायची.

ताई त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, स्वतःचं लग्नबिग्न बाजूला ठेवून. आता तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी गावाबाहेरच्या सरकारी दवाखान्यात जावं लागायचं, तेही रिक्षानं. पालिकेची गाडी घरच्या माणसांसाठी नाही, या बाबतीत पाळणा भलताच कडक. दवाखान्याचा रस्ता म्हणजे रस्ता नव्हेच. खड्ड्यांना जोडायला मध्ये मध्ये घातलेलं डांबर. ताई घरी यायची ती पांढरीफटक पडून. कॉटवर आडवी झाली की भिंतीकडे तोंड करायची, कण्हणं भावाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला ते ऐकू यायचंच.

या रस्त्यासाठी पालिकेनं आमदारांना निवेदनांवर निवेदनं दिली होती. आमदार माणूस वाईट नव्हता, पण मतदारसंघात गावं पुष्कळ आणि प्रत्येक गावाचा रस्ता सगळ्यात वाईट. "सगळे हेच म्हणतात हो," असं म्हणून ते कागद मदतनिसाकडे द्यायचे. शिवाय स्वतः यायचे ते मोठ्या मऊ गाडीतून. तिच्यात बसलेल्याला चंद्रावरसुद्धा खड्डे लागले नसते.

मग दवाखान्यातल्या नव्या यंत्राच्या उद्घाटनाला आमदार यायचं ठरलं आणि नगराध्यक्षाबाईंनी शक्कल लढवली. साहेबांना विश्रामगृहातून पालिकेच्या जीपमधून आणायचं. यंदाचा निधी कुठल्या रस्त्याला द्यायचा, हे ते त्याच आठवड्यात ठरवणार होते. बाईंनी पाळण्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"एकही खड्डा चुकवायचा नाही. साहेबांचं डोकं टपाला लागलं पाहिजे."

"बाई, पण..."

"पण नाही नि बिण नाही. कागद वाचून काही होत नाही. हाडांना कळलं पाहिजे."

"हो बाई," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. ताईची हाडं त्याच्या डोळ्यांपुढे होती.

त्या दिवशी बाई स्वागताला पुढे दवाखान्यात गेल्या आणि मदतनीस मागच्या गाडीत बसला. जीपमध्ये फक्त हा आणि आमदार. पहिला खड्डा आला. त्यानं चाक सरळ ठेवलं, जीप दणकली. "अरे!" म्हणत साहेबांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. बस्स, ते पाहणं त्याला झोंबलं. काय हा अडाणी ड्रायव्हर, असं त्या नजरेत होतं. निदान याला तसं वाटलं. पुढचा खड्डा त्यानं चुकवला. हा एकच, म्हणून. मग त्याच्या पुढचाही. हात आपले आपण वळले, असं पुढं तो स्वतःला समजावू बघणार होता, पण ते खोटं होतं. साहेबांनी शाबास म्हणावं, एवढीच हाव सुटली होती त्याला. जीप दवाखान्याच्या फाटकात शिरली तेव्हा आमदार तोंड उघडं टाकून घोरत होते.

फीत कापून झाल्यावर आमदार बोलायला उभे राहिले. "तुमच्या रस्त्याबद्दल मी फार ऐकलं होतं. आज त्याच रस्त्यानं आलो, तेही जीपमधून. खरं सांगू? मला झोप लागली! कित्येक दिवसांत अशी झोप मिळाली नव्हती. तेव्हा तुमच्याहून वाईट रस्ते आहेत, एवढं मला कळलं."

कुणी हसलं नाही. नगराध्यक्षाबाईंनी मान वळवून पाळण्याकडे पाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वॉर्डच्या दाराशी ताई उभी होती. आताच डायलिसिस संपवून उठलेली, दंडाला पट्टी. तिनं भाषण ऐकलं होतं.

"गाडी तू चालवलीस?"

त्यानं मान खाली घातली.

"पण बाईंनी तुला सांगितलं होतं ना? कालच तर म्हणालास."

"चुकलो, ताई. ते आरशातून बघत होते गं माझ्याकडे."

ताई रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसतीच भिंतीला टेकली. पलीकडच्या बाकांवर बाकीचे पेशंट आपापल्या रिक्षांची वाट बघत बसले होते. कुणी उशी सोबत आणली होती, धक्के कमी लागावेत म्हणून. एवढ्या सगळ्या माणसांचा रस्ता आपण एका शाबासकीसाठी घालवला, असं मनात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

तो तडक आमदारांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, रस्ता फार वाईट आहे. मी खड्डे चुकवत आणलं तुम्हाला."

"मग तर फारच छान चालवता तुम्ही!" आमदारांनी हसून त्याची पाठ थोपटली. जिच्यासाठी हे सगळं केलं ती शाबासकी मिळाली, आणि ती त्याला चाबकासारखी लागली.

"साहेब, ही माझी बहीण. हिला याच रस्त्यानं घरी जायचंय. परत जाताना तुम्ही हिच्याशेजारी बसा. एवढं एकदाच ऐका माझं."

आमदारांनी घड्याळ पाहिलं, ताईच्या दंडाकडे पाहिलं आणि ते जीपमध्ये चढले. ताईला हात देऊन चढवताना तो पुटपुटला, "ताई, आता मी..."

"कळलंय मला. चल तू."

फाटकाबाहेर पहिल्याच खड्ड्यात त्यानं चाक घातलं. मग दुसऱ्यात. ताईनं दांडी घट्ट धरली, ओठ दाबून धरले. पुढच्या दणक्याला मात्र तिच्या तोंडून किंकाळी फुटलीच आणि दंडावरची पट्टी लाल होऊ लागली.

"अहो, काय करताय!" आमदार ओरडले. "सावकाश चालवा! बाईंना त्रास होतोय, दिसत नाही का?"

त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"नको," मागून ताईचा आवाज आला. "साहेबांचं ऐकू नकोस. अजून अर्धा रस्ता राहिलाय."

डोळे भरून आल्यामुळे त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. पण पुढचा खड्डा कुठे आहे, हे त्याला पाठ होतं. त्यानं ब्रेकवरचा पाय काढला आणि चाक तिकडे वळवलं.